पक्षाघात : मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्र आणि मावळातील वेळेचा हिशेब

आषाढात मावळातील भातखाचरे पाण्याने भरली की लावणीची घाई सुरू होते आणि गावे पहाटेच जागी होतात. अशाच एखाद्या पहाटे अंदर मावळातील किंवा नाणे मावळातील एखाद्या घरात साठीच्या घरातला कर्ता पुरुष अंथरुणावरून उठू पाहतो आणि त्याला उठता येत नाही. उजवा हात जड झालेला असतो, तोंड एका बाजूस ओढलेले असते, बोलावयास जावे तर शब्द उमटत नाहीत. ‘अंगावरून वारे गेले’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. कोणी तेल चोळावयास बसते, कोणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सुचवते, तर कोणी ओळखीच्या जाणकाराकडे नेण्याची गोष्ट काढते. रात्री नऊ वाजता तो माणूस जेवून चालत अंथरुणावर गेला होता, एवढेच घरच्यांना ठाऊक असते. झटका नऊनंतर लगेच आला की पहाटे चारला, हे कोणीही सांगू शकत नाही.

काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा रुग्णापुढे वैद्यकशास्त्रही बरेचसे हतबल होते. झटक्याची वेळ ठाऊक नसेल, तर गुठळी विरघळविणारे औषध देता येत नसे. आज परिस्थिती बदलली आहे. मेंदूच्या कोणत्या भागात रक्त पोहोचत आहे, कोणत्या भागात ते अपुरे आहे आणि कोणता भाग कायमचा गेला आहे, याचे चित्र काही मिनिटांत काढता येते. त्या चित्रावरून उपचाराचा निर्णय घेतला जातो. हे चित्र कसे निघते, ते काय सांगते आणि त्याचा लाभ डोंगराळ तालुक्यातील रुग्णाला मिळण्यासाठी गावाने काय करावे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पक्षाघात म्हणजे काय?

माणसाचा मेंदू सरासरी १४०० ग्रॅम वजनाचा असतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा सुमारे दोन टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. शिवाय त्याच्यापाशी प्राणवायूचा वा साखरेचा साठा जवळजवळ नसतो. हृदयाकडून येणारे रक्त हाच त्याचा अखंड आधार होय. दर मिनिटाला सुमारे ७५० मिलिलिटर रक्त मेंदूतून वाहते.

हा पुरवठा दोन प्रकारे बिघडतो. एक तर रक्तवाहिनी फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. किंवा रोहिणीत रक्ताची गुठळी अडकून पुढचा रक्तप्रवाह थांबतो. दुसऱ्या प्रकारास रक्तरोधजन्य पक्षाघात म्हणता येईल, आणि हाच प्रकार अधिक आढळतो. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत मुंबईच्या एका विभागात घरोघर पाहणी करून पक्षाघाताची नोंद ठेवली. तीत दर लाख वस्तीमागे वर्षाला सुमारे १४५ नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्णांचा आजार रक्तरोधजन्य होता, आणि एकूण रुग्णांपैकी जवळजवळ ३० टक्के रुग्ण महिनाभराच्या आत दगावले. जे वाचतात त्यांच्यातील कित्येकांना कायमचे अपंगत्व येते. शेतावर राबणारा हात लुळा पडला की त्याचा भार सबंध घरावर पडतो.

बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. हात लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, वाचा जाणे ही लक्षणे पाहून रक्तस्राव आहे की गुठळी, हे अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाही. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्राव झालेल्या रुग्णास दिले, तर त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो तो मेंदूच्या चित्राचा.

खाचर आणि पाट

गुठळी अडकताच मेंदूचा तेवढा भाग त्याच क्षणी मरतो, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. मावळातील शेतकऱ्याला ही गोष्ट खाचरांच्या उदाहरणाने चांगली कळेल. मुख्य पाट बुजला म्हणजे त्यावर अवलंबून असलेली सारी खाचरे एकाच वेळी कोरडी पडत नाहीत. पाटाच्या अगदी शेवटी असलेल्या, दुसरा कोणताच आधार नसलेल्या खाचरातील रोपे आधी करपतात. सभोवारच्या खाचरांत मात्र शेजारच्या बांधावरून पाणी झिरपत राहते. तेथील रोपे माना टाकतात, त्यांची वाढ थांबते, परंतु मुळे जिवंत असतात. वेळेवर पाट मोकळा केला, तर ती पुन्हा टवटवीत होतात. उशीर झाला, तर तीही करपतात.

मेंदूतही नेमके असेच घडते. निरोगी मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागातून मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त वाहते. हा प्रवाह सुमारे २० मिलिलिटरच्या खाली उतरला की तेथील पेशींचे काम थांबते. हात हलत नाही, शब्द फुटत नाही. पण पेशी जिवंत असतात. प्रवाह सुमारे १० मिलिलिटरच्याही खाली गेला की मात्र थोड्याच अवधीत पेशी मरतात. मेलेल्या भागास ‘गाभा’ म्हणतात. गाभ्याभोवतीच्या, काम थांबलेल्या परंतु जिवंत भागास शास्त्रज्ञांनी ग्रहणाच्या परिभाषेतील ‘उपच्छाया’ हे नाव दिले. ग्रहणात गडद सावलीभोवती जसा अंधुक छायेचा पट्टा असतो, तसाच हा भाग होय. ही कल्पना १९७० नंतरच्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांतून पुढे आली आणि आजचा सारा उपचार तिच्यावरच उभा आहे. उपचार गाभ्यासाठी नसतो. तो उपच्छायेसाठी असतो.

शेजारच्या बांधावरून झिरपणाऱ्या पाण्यासारख्या मेंदूतही आडवाटेच्या सूक्ष्म वाहिन्या असतात. काहींच्या मेंदूत त्या भरपूर असतात, काहींच्या मेंदूत तुटपुंज्या. मोठी रोहिणी बंद झालेल्या सर्वसाधारण रुग्णाच्या मेंदूत दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. तथापि ही सरासरी आहे. एका रुग्णाची उपच्छाया दोन तासांत संपते, तर दुसऱ्याची बारा तास टिकून राहते. भिंतीवरील घड्याळ दोघांना सारखीच वेळ दाखवते. मेंदूतील घड्याळ मात्र प्रत्येकाचे निराळे चालते. रक्तप्रवाहाचे चित्र हे दुसरे घड्याळ वाचून दाखवते.

जिवंत शरीराच्या आत डोकावताना

जिवंत शरीरातील क्रिया यंत्रांनी तपासण्याची परंपरा मावळाला अपरिचित नाही. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांसारख्या साधनांनी अभ्यासण्यास आरंभ केला. परंतु साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचे हाड दिसते, आतील मेंदू दिसत नाही. ही अडचण दूर केली ती इंग्लंडमधील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. अनेक दिशांनी क्ष-किरण सोडून, त्यांचा हिशेब संगणकाकडून करवून मेंदूचा आडवा छेद पडद्यावर आणण्याची ही युक्ती आज सी. टी. स्कॅन या नावाने सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यासाठी हाउन्सफील्ड व अॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

साधा सी. टी. स्कॅन काही क्षणांत होतो आणि त्यात ताजे सांडलेले रक्त पांढरे शुभ्र दिसते. रक्तस्राव आहे किंवा नाही, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे तत्काळ मिळते. परंतु गुठळीने झालेल्या पक्षाघातात पहिल्या काही तासांत हे चित्र पुष्कळदा निरोगी मेंदूसारखेच दिसते. ‘स्कॅन चांगला आला, म्हणजे आजार नाही’ असा अर्थ नातेवाईक कधी कधी काढतात. तो घातक आहे. स्कॅन चांगला असून हात लुळा असेल, तर मेंदू अजून वाचविता येण्याजोगा असण्याचा संभव अधिक असतो, आणि घाई करण्याचे तेच खरे कारण असते.

यापुढील पायरी म्हणजे शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देऊन रोहिण्यांचे चित्र घेणे. यातून मोठी रोहिणी कोठे बंद पडली आहे ते दिसते. रक्तप्रवाहाचे चित्र ही त्याही पुढची पायरी होय.

प्रवाह मोजण्याची युक्ती

पाटातून किती पाणी वाहते हे मोजावयाचे असेल, तर पाटात थोडा रंग टाकावा आणि तो पाटाच्या ठरावीक भागातून पार व्हावयास किती वेळ लागतो ते पाहावे. त्या भागात किती पाणी मावते ते ठाऊक असेल, तर पाण्याला वेळेने भागले की प्रवाह मिळतो. मेंदूतील प्रवाह याच नियमाने मोजतात. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य वेगाने सोडले जाते आणि सुमारे मिनिटभर मेंदूची एकामागून एक चित्रे घेतली जातात. द्रव्य मेंदूच्या प्रत्येक ठिकाणी केव्हा पोहोचले, किती पोहोचले आणि केव्हा ओसरले, याचा आलेख संगणक काढतो.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. मेंदूच्या १०० ग्रॅम भागातील वाहिन्यांत ४ मिलिलिटर रक्त आहे आणि ते पार व्हावयास सरासरी ५ सेकंद लागतात, असे समजू. तर प्रवाह मिनिटाला ४८ मिलिलिटर झाला. हा निरोगी मेंदू. गुठळीच्या पुढील भागात रक्त आडवाटेने उशिरा येते. तेथील वाहिन्या रुंदावून रक्त धरून ठेवतात, म्हणून रक्ताचे प्रमाण ४ मिलिलिटरच राहते, परंतु पार व्हावयास १५ सेकंद लागतात. प्रवाह १६ मिलिलिटर झाला, ही उपच्छाया. ज्या भागात वाहिन्याच मिटून गेल्या, तेथे रक्त अवघे दीड मिलिलिटर आणि वेळ तीच १५ सेकंद. प्रवाह ६ मिलिलिटर झाला, हा गाभा. शाळेतील त्रैराशिकाइतकेच हे गणित सोपे आहे. संगणक ते मेंदूच्या हजारो ठिकाणांसाठी करतो आणि निरनिराळ्या रंगांत नकाशा पुढे ठेवतो.

नकाशा वाचण्याची एक रूढ पद्धत अशी आहे. जेथील प्रवाह निरोगी बाजूच्या ३० टक्क्यांहून कमी, तो गाभा. आणि जेथे रक्त ६ सेकंदांहून अधिक उशिरा पोहोचते, तो सारा धोक्यातील प्रदेश. धोक्यातील प्रदेश ७५ मिलिलिटर आणि गाभा १५ मिलिलिटर असेल, तर उरलेला ६० मिलिलिटर मेंदू अजून वाचविता येईल, असा त्याचा अर्थ होतो. गाभाच ७५ मिलिलिटर असेल, तर वाचविण्याजोगे फारसे उरलेले नाही.

एम. आर. आय. यंत्रातूनही हे जाणता येते. त्यात क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. पेशी संकटात सापडली की तिच्यातील पाण्याची हालचाल मंदावते, आणि एका प्रकारच्या एम. आर. आय. चित्रात तो भाग काही मिनिटांतच उजळ दिसू लागतो. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तोच भाग उजळ व्हावयास काही तास लागतात. पहिल्या चित्रात खूण आहे आणि दुसऱ्यात नाही, असे आढळले तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतील आहे, असे अनुमान निघते. झोपेत झटका आलेल्या रुग्णाची हरवलेली वेळ अशा रीतीने पुन्हा सापडते. रक्तातील पाण्यावरच चुंबकीय खूण उमटवून, कोणतेही द्रव्य न टोचता प्रवाह मोजण्याची पद्धतही या यंत्रात आहे. मात्र एम. आर. आय. ला वेळ अधिक लागतो, आणि काही रुग्णांच्या शरीरातील धातूच्या वा विजेच्या उपकरणांमुळे तो करता येत नाही.

चित्राने उपचार कसा बदलला?

गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा उपयोग १९९५ साली सिद्ध झाला, तेव्हा मर्यादा तीन तासांची होती. २००८ साली ती साडेचार तासांपर्यंत वाढली. मांडीतील किंवा मनगटातील रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढण्याचा उपचार २०१५ साली निर्विवादपणे मान्य झाला. तो प्रामुख्याने पहिल्या सहा तासांसाठी होता. त्यानंतर २०१८ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘डॉन’ या चाचणीत ६ ते २४ तासांपूर्वी, तर ‘डिफ्यूज ३’ या चाचणीत ६ ते १६ तासांपूर्वी धडधाकट दिसलेले रुग्ण घेतले होते. रोहिणी बंद आहे परंतु बराच मेंदू वाचण्याजोगा आहे, हे चित्रावरून पाहूनच त्यांची निवड झाली होती. ‘डॉन’मध्ये गुठळी काढलेल्या रुग्णांपैकी ४९ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी स्वावलंबी होते, केवळ औषधोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. ‘डिफ्यूज ३’मध्ये हेच आकडे ४५ आणि १७ टक्के होते. पहाटे अंथरुणात पक्षाघात झालेला आढळलेल्या मावळातील शेतकऱ्यासाठी या आकड्यांचा अर्थ फार मोठा आहे. वेळ ठाऊक नाही, एवढ्याच कारणाने त्याला माघारी पाठविण्याचे दिवस आता गेले आहेत.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली, २४ तासांची ही मुभा सर्वांसाठी नाही. ज्यांची उपच्छाया तोवर टिकून राहिली, त्यांच्यासाठीच ती आहे. आणि कोणाची टिकेल हे घरी बसून कळत नाही. दुसरी, जो रुग्ण पहिल्या काही तासांत पोहोचतो त्याला बहुधा साधा सी. टी. स्कॅन आणि रोहिण्यांचे चित्र एवढेच पुरते. अधिक चित्रांसाठी थांबणे त्याच्या हिताचे नसते. तिसरी, चित्रही चुकू शकते. रुग्ण हलला, हृदय दुर्बल असले किंवा मानेतील रोहिणी पूर्वीपासून अरुंद असली, तर नकाशा फसवा निघतो. लहानसा घाव त्यात दिसतही नाही. गाभा मोठा असलेल्या काही रुग्णांनाही गुठळी काढल्याने लाभ होतो, असे २०२२ नंतरच्या चाचण्यांनी दाखविले आहे. म्हणून चित्र हे तज्ज्ञाच्या निर्णयाचे साधन आहे. निर्णय तज्ज्ञाचाच असतो.

मावळातील वाट

मावळ तालुक्याची रचना पाहिली तर अडचण कोठे आहे ते कळते. पुणे-मुंबई लोहमार्ग, जुना महामार्ग आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग हे तिन्ही इंद्रायणीच्या खोऱ्यातून जातात. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव ही गावे या वाटेवर आहेत. तळेगाव दाभाडे येथे वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे, कान्हे येथे शासकीय रुग्णालय आहे, आणि पुढे पिंपरी-चिंचवड व पुणे येथे मोठी रुग्णालये आहेत. परंतु पवन, नाणे आणि अंदर मावळातील वाड्या या वाटेपासून आत, डोंगराच्या कुशीत आहेत. पावसाळ्यात ओढे भरतात, दरड कोसळते. शनिवार-रविवारी लोणावळ्यात पर्यटकांच्या मोटारींची रांग लागते आणि रुग्णवाहिका तीत अडकते. मेंदूचे नकाशे काढणारे यंत्र कितीही कुशल असले, तरी त्याच्या दारात रुग्ण पोहोचेपर्यंत ते काहीच करू शकत नाही.

या कामी ग्रामपंचायतीस पुष्कळ करता येईल. कोणत्या रुग्णालयात सी. टी. स्कॅन चोवीस तास चालतो, कोठे मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध असतात आणि कोठे गुठळी काढण्याची सोय आहे, याची माहिती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून घेऊन तिचा फलक पंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि ती दरवर्षी तपासून घ्यावी. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेस वाडीचा नेमका पत्ता आणि खूण कशी सांगावी, हे आशा कार्यकर्ती व पोलीस पाटील यांना ठाऊक असावे. वाडीपासून पक्क्या रस्त्यापर्यंत रुग्णास कोणाच्या वाहनातून आणावयाचे, हेही आधीच ठरलेले असावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली काय मिळू शकते, याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते. रुग्ण हलविणे मात्र त्यासाठी थांबू नये.

शिक्षकांनी मुलांना लक्षणे शिकवावीत. घरात लक्षण प्रथम पाहणारे पुष्कळदा नातवंडच असते. तोंड वाकडे झाले आहे काय? दोन्ही हात वर केल्यावर एक खाली पडतो काय? साधे वाक्य नीट बोलता येते काय? यांपैकी एक जरी खूण अचानक दिसली, तरी रुग्णालयाची वाट धरावी. खुणा अर्ध्या तासात नाहीशा झाल्या, तरीही जावे. कारण तो पुढील मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. रुग्णास पाणी वा अन्न देऊ नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. स्कॅन होण्यापूर्वी रक्त पातळ करणारी गोळी देऊ नये. आजार रक्तस्रावाचा असेल तर तिने अपाय होतो. मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकदम उतरल्यानेही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून त्याच्या औषधांची माहिती प्रथम सांगावी. सुरू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्यावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले’ ती वेळ कागदावर लिहून द्यावी. डॉक्टरांचा सारा हिशेब त्या वेळेपासून सुरू होतो.

झटकाच येऊ नये, हा अर्थात सर्वांत चांगला उपाय. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता ही पक्षाघाताची प्रमुख कारणे होत. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तपासण्याची सोय आरोग्य केंद्रांत व उपकेंद्रांत आहे. दाब आटोक्यात आला म्हणून गोळी मध्येच सोडणे, ही गावोगाव आढळणारी चूक आहे. दाब आटोक्यात आला आहे तो गोळीमुळे, हे पुन्हा पुन्हा सांगितले गेले पाहिजे.

पाट बुजला की कोणता शेतकरी दुपारपर्यंत वाट पाहत बसतो? खांद्यावर फावडे टाकून तो तत्काळ बांधावर जातो, कारण रोप किती वेळ तग धरील हे त्याला ठाऊक असते. मेंदूच्या बाबतीतही तीच तत्परता गावाच्या अंगवळणी पडली, तर रुग्णालयातील पडद्यावर उमटणाऱ्या नकाशात वाचविण्याजोगा भाग अधिक दिसेल, आणि लावणीच्या हंगामात अंथरुणाला खिळलेली कितीतरी माणसे पुढच्या हंगामात पुन्हा आपल्या खाचरात उभी राहतील.